पायीची वहाण

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण लहानपणी आमच्या घरात मी कितीदा तरी ऐकली आहे. कामाच्या बाईंनी पगार वाढवून मागितला, गडीमाणूस खुर्चीत बसून चहा प्यायला, की आतल्या खोलीत कुणीतरी हलक्या आवाजात ती म्हणायचं. तेव्हा मला ती चपलेबद्दलची म्हण वाटायची. ती माणसांबद्दल आहे, आणि त्यातही ती वहाण शिवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त लागणारी आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली. २०२५च्या जून-जुलैत कोल्हापुरी चपलेवरून महाराष्ट्र पेटला, तेव्हा वर्तमानपत्रं वाचताना ती म्हण पुन्हा पुन्हा आठवत राहिली. एरवी उंबऱ्याबाहेर राहणारी वहाण त्या दोन महिन्यांत अस्मितेच्या मखरात जाऊन बसली होती. ती घडवणारा माणूस मात्र जिथे होता तिथेच होता.

झालं ते सर्वांना माहीत आहे. २२ जून २०२५ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं पुरुषांसाठीचा २०२६च्या वसंत-उन्हाळ्याचा संग्रह दाखवला. रॅम्पवर चालणाऱ्या काही तरुणांच्या पायांत अंगठ्याची, सपाट तळाची, कातडी पट्ट्यांची पादत्राणं होती. कंपनीच्या लेखी त्या ‘चामड्याच्या सपाट सँडल’ होत्या. कोल्हापूरचं किंवा भारताचं नाव कुठेही नव्हतं. दोन दिवसांत ती छायाचित्रं मोबाइलवर फिरली. लाखभर रुपयांच्या किमतीचे आकडे कंपनीनं काही जाहीर करण्याआधीच तोंडोतोंडी झाले. महाराष्ट्र चेंबर या उद्योग-व्यापार संघटनेच्या अध्यक्षांनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीच्या वतीनं लोरेन्झो बर्तेली यांनी उत्तर पाठवलं, की या पादत्राणांची प्रेरणा शतकानुशतकांच्या भारतीय हस्तकलेतून आली आहे हे आम्ही मान्य करतो, आणि हा संग्रह अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे. कोल्हापूरचे खासदार कारागिरांना घेऊन मुख्यमंत्र्यांना भेटले. पुण्याच्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या घरी बसून गेली.

या सगळ्या काळात सर्वाधिक वापरला गेलेला शब्द होता ‘आपली’. आपली चप्पल, आपला वारसा, आपली ओळख. त्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. प्राडानं नाव गाळलं ही चूकच होती, तिचा निषेध व्हायलाच हवा होता आणि झाला ते चांगलंच झालं. पण ‘आपली’ म्हणताना आपण मराठी माणसांनीही एक नाव गाळलं, आणि ते आपण गेली कित्येक शतकं गाळत आलो आहोत.

आपल्याकडे पोशाखाचं राजकारण नवीन नाही, आणि ते नेहमी असं गुळगुळीतही नसतं. जून २०१८मध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवारांनी कार्यकर्त्यांना सांगितलं, की यापुढे सत्काराला पुणेरी पगडी नको, फुले पगडी वापरा. आणि तुरुंगातून सुटून आलेल्या छगन भुजबळांच्या डोक्यावर फुले पगडी चढली. त्यावर किती गदारोळ झाला! पुणेरी पगडीला २००९मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं. शहराचा मान म्हणून ती लग्नात, नाटकात, पाहुण्यांच्या सत्कारात मिरवत होती. पवारांच्या त्या वाक्यामागे मतांचं गणित असेल, मला ते नाकारायचं नाही. तरी त्या वादात एक गोष्ट सरळ होती. ही पगडी कुणाच्या डोक्यावर होती आणि कुणाच्या नव्हती, हे त्यात उघड बोललं गेलं. जातीचं नाव घेऊन लोक भांडले. चपलेच्या वादात तसं काहीच झालं नाही. डोक्यावरच्या वस्तूला जात असते हे आपण मान्य केलं. पायातल्या वस्तूला तर ती डोक्यावरच्या वस्तूपेक्षा कितीतरी जास्त चिकटलेली आहे, पण तिथे आपण ‘महाराष्ट्र’ हा मोठा शब्द पुढे केला आणि मोकळे झालो.

२०२५च्या त्या जुलैत मी कोल्हापुरात होते. सुभाषनगरात एका ओळखीच्या ओळखीनं एका घरात गेले. रस्त्याला लागून असलेली पुढची खोली हाच कारखाना. घरचे कारागीर मामा मांडी घालून बसलेले, पुढ्यात गुळगुळीत झालेला दगड, हाताशी रापी, आरी, हातोडी. भिजवलेल्या कातड्याचा तुकडा दगडावर ठेवून त्यांनी ठोकायला सुरुवात केली. ठोकून ठोकून कातडं घट्ट होतं, मग ते झिजायला वर्षं लागतात. तळाचे थर एकावर एक बसले, मग दोन्ही बाजूंचे कान, मग पट्टा, मग अंगठा. कुठेही खिळा नाही. कातड्याचीच वादी, आरीनं पाडलेल्या भोकातून ओढून घेतलेली. प्रत्येक टाक्याला मामा वादी दातांत धरून मान मागे घेत होते. त्या हिसक्याला त्यांची मान इतकी सरावली होती की बोलण्यात खंड पडत नव्हता.

घरातल्या मावशी दारातल्या उजेडात बसून वेणी घालत होत्या. शेळीच्या कातड्याच्या, काडीपेटीतल्या काडीएवढ्या रुंद पट्ट्या, आणि त्यांचा पेड. चपलेच्या पट्ट्यावर आपण बोट फिरवून ‘काय नक्षी आहे’ म्हणतो ती ही वेणी. कारागीर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. पण वेणी, गोंडे, बारीक शिवण हे बहुतेक बायकांच्या हातचं काम असतं. “डोळं हाईत तवर काम हाय बघा ताई,” मावशी म्हणाल्या, आणि खाली मान घालून पुन्हा पेड घालू लागल्या.

मी मामांना इटलीचं विचारलं. “ऐकलं की,” ते म्हणाले. “टीव्हीवाली दोनदा येऊन गेली. आत्ता समदीच ‘आमची चप्पल, आमची चप्पल’ म्हणाय लागल्यात. बरं वाटतंय ऐकाय. पण दर वाढवून द्या म्हटलं की मातुर ती चप्पल लगेच आमची हुतीया.”

मामांचं हे वाक्य पुढे लिहिलेल्या सगळ्याला पुरून उरेल. पण ते कुठून आलं हे समजून घ्यायचं तर जरा मागं जावं लागतं.

गावगाड्यात चप्पल विकत मिळत नसे. चर्मकार बलुतेदार होता. त्यानं गावाच्या वहाणा करायच्या, दुरुस्त करायच्या, मोट शिवायची, चाबूक-वाद्या द्यायच्या आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागायचा. प्रत्यक्षात हातात किती पडणार, हे देणाऱ्यावर. म्हणजे या कामाला कधी मजुरीचा दर असा नव्हताच. ती होती देणाऱ्याची मर्जी. जोडाच्या किमतीवरून घासाघीस करताना आजही आपल्या आवाजात जी सहजता असते, ती त्या खळ्यावरची आहे असं मला वाटतं. सोनाराकडे घडणावळ मुकाट्यानं देणारा माणूस चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, आल्यावर पन्नास रुपयांसाठी पाय आपटतो. मी स्वतः आपटले आहेत.

चर्मकाराच्याही आधी कातडं कमावणारा हात असतो, आणि त्याचं नाव तर कोणत्याच बातमीत आलं नाही. कोल्हापूर भागात हे काम ढोर समाजाचं. कच्चं कातडं चुन्यात घालायचं, केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं. इथली जुनी रीत अशी, की कातडंच पिशवीसारखं शिवायचं, त्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती पिशवी टांगून ठेवायची. पाणी हळूहळू कातड्यातून झिरपतं, आणि झिरपता झिरपता कातडं पिकतं. कोल्हापुरीला जो मधाळ तांबूस रंग येतो, जो पायाच्या घामानं अधिकच गडद होत जातो, त्याचं सगळं रहस्य त्या टांगलेल्या पिशवीत आहे. ते काम करणाऱ्या वस्तीचा वास गावानं सहन केला नाही, म्हणून ती वस्ती गावाबाहेर राहिली. त्याच वासातून निघालेली वस्तू आज शोभिवंत झाली आहे.

जुन्या चपलांना गावांची नावं होती. कापशी, कुरुंदवाडी, शिवाय पुकारी, बक्कलनाळी, कचकडी. सगळ्यांचं मिळून नाव पायताण. १९२०च्या सुमाराला सौदागर घराण्यानं पातळ तळाची, कानांची ‘कानवली’ घडवली असं सांगतात, आणि तिथून ही चप्पल मुंबईच्या दुकानांत गेली. शाहू महाराजांनी या धंद्याला राजाश्रय दिला. सत्तरच्या दशकात हिप्पींनी तिला पायात घालून युरोप-अमेरिकेत नेलं, म्हणजे ती पहिल्यांदाच परदेशी फॅशन झाली असंही नाही. पण कोल्हापुरात पायताण हा शब्द आजही धमकीचा आहे. पायताण काढणं म्हणजे समोरच्याचा सगळ्यात मोठा अपमान करणं. हाती घेतलेली वस्तूच इतकी हीन मानलेली, की ती अंगाला लागली तरी माणूस बाटावा. आणि या महाराष्ट्रातच अशी गावं होती जिथे दलितानं वाड्यावरून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यायची असे. ती वहाण त्यांच्यातल्याच कुणीतरी शिवलेली असे.

हा सगळा इतिहास ‘आपली’ या शब्दात कुठे मावतो?

आता चामड्याचं राजकारण. कोल्हापुरीच्या अभिमानाची भाषणं ज्या वर्षी होत होती, त्याच्या दहा वर्षं आधी, मार्च २०१५मध्ये, महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. गाईच्या कत्तलीवर ती १९७६च्या कायद्यापासून होतीच. नव्या तरतुदीत पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आला. शेजारच्या कर्नाटकात असाच कडक कायदा २०२१मध्ये लागू झाला. या कायद्यांमागच्या श्रद्धेवर मला इथे बोलायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की श्रद्धेचा खर्च कुणाच्या खिशातून गेला हे बोललं पाहिजे. म्हशीचं आणि शेळीचं कातडं चालतं, मेलेल्या जनावराचं कातडं काढणंही गुन्हा नाही. पण कातडं भरलेला टेंपो रस्त्यात अडवणाऱ्याला ते म्हशीचं आहे की बैलाचं हे बघायला सवड नसते. जुलै २०१६मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली, ती चित्रफीत सगळ्या देशानं पाहिली. त्यानंतर या धंद्यातल्या प्रत्येक घरात आईनं मुलाला काय सांगितलं असेल, याचा विचार करावा. आज कोल्हापुरातलं बरंचसं कातडं तयार होऊन चेन्नईकडून येतं. टांगलेल्या पिशव्या जवळजवळ गेल्या. म्हणजे ज्या वारशासाठी आपण मिलानला पत्र पाठवलं, त्याचा अर्धा भाग आपण घरीच विझू दिला होता. मिलानच्या आधी हा हिशेब कोल्हापूर, मुंबई आणि बेंगळुरू इथे मागायला हवा होता.

कायद्याची आणखी एक बाजू आहे, ती तर फारच कमी लोकांना नीट समजली. ‘कोल्हापुरीला जीआय आहे, तरी प्राडानं चोरी कशी केली?’ असा प्रश्न घराघरांत विचारला गेला. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ते नाव राखतं, घाट राखत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीनं झालेल्या चपलेलाच ‘कोल्हापुरी’ म्हणता येतं. अंगठा, कान, पट्टा यांची ती ठेवण दुसऱ्या कुणी करू नये असं हा कायदा सांगत नाही. प्राडानं नावच घेतलं नाही, म्हणून या कायद्यापुढे ती कंपनी जवळजवळ निर्दोष ठरते. ज्या गोष्टीचा आपल्याला राग आला, नाव न घेतल्याचा, तिनंच तिला कायद्यातून सोडवलं.

मग या कायद्याचा भंग कोण करतं? आपण. मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर रेक्झिनची, फोमच्या तळाची, यंत्रावर ठोकलेली चप्पल ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते. लग्नाच्या हंगामात फेटा-शेरवानीच्या जोडीला तीच जाते. संकेतस्थळांवर तिला कोल्हापुरीचंच नाव असतं. तिथे नावाची चोरी रोज होते, उघड होते, आणि तिच्यावर मोर्चा निघाल्याचं मी कधी वाचलं नाही. स्वस्त मिळते म्हणून आपणच ती घेतो, आणि त्या किमतीशी मामांच्या जोडाची तुलना करून म्हणतो, “बाहेर तर तीनशेला मिळते.”

जुलैच्या मध्यावर उच्च न्यायालयानं ती जनहित याचिका फेटाळली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत, हक्क बजावायचा तर त्यांनी यावं. आता हे मालक कोण? महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ. दोन्ही सरकारी. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात या चपलेवर मामांचा आणि मावशींचा स्वतःचा असा हक्क नाही. ते फार तर अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदले जाऊ शकतात. कारागिरांच्या नावानं महामंडळ आहे, महामंडळाच्या नावानं हक्क आहे, आणि जोडामागे मजुरी किती हे बाजारपेठ ठरवते. खळ्यावरचा वाटा देणारा बदलला, एवढंच.

मेक्सिकोचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ओआहाका प्रांतातल्या सांता मारिया त्लाहुइतोल्तेपेक या गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जो भरतकामाचा ब्लाउज घालतात, तसाच एक २०१५मध्ये फ्रेंच फॅशनकार इझाबेल मरां यांच्या संग्रहात निघाला. गाव खवळलं. अशा अनेक प्रकरणांनंतर २०२२च्या जानेवारीत मेक्सिकोत एक कायदा आला. त्यात मूळ समाजांच्या सांस्कृतिक वारशाचा हक्क त्या समाजांकडेच ठेवला आहे, आणि त्यांच्या संमतीशिवाय वापर करता येत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आपला वाद चालू असतानाच, त्याच प्रांतातल्या यालालाग गावच्या ‘हुआराचे’ या विणीच्या चपलेवरून अदिदासवर टीका झाली. कंपनीचे प्रतिनिधी त्या गावात गेले आणि गावकऱ्यांसमोर त्यांनी माफी मागितली. माफीनं पोट भरत नाही हे खरं. तरी ती कुणाकडे मागितली गेली हे बघा: राजधानीतल्या मंत्र्याकडे किंवा चेंबरकडे नाही, तर ज्यांनी चप्पल विणली त्या गावाकडे. कोल्हापुरीच्या प्रकरणात पत्र चेंबरला आलं, भेट मुख्यमंत्र्यांची झाली, आणि पुढे डिसेंबरात प्राडाचा करारही महामंडळांशीच झाला. सगळं कारागिरांच्या भल्यासाठीच होतं, आणि सगळीकडे कारागीर कुणाच्यातरी मागे उभा होता.

यात एक प्रश्न असा आहे, जो मला स्वतःला छळतो. ‘परंपरा टिकली पाहिजे’ म्हणताना आपण नेमकं कुणाला टिकवायला सांगतो? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हीन मानलेली कामं सोडा असं सांगितलं. त्याआधी सात वर्षं, १९२०च्या मार्चमध्ये, याच कोल्हापूर परिसरात माणगावच्या परिषदेत ते शाहू महाराजांसमोर बोलले होते. त्या हाकेला ओ देऊन हजारो घरं पिढीजात काम टाकून शाळेत, शहरात, नोकरीत गेली. ती सुटका होती. आज एखाद्या कारागिराचा नातू इंजिनियर झाला, आणि त्याला रापीला हातही लावायचा नाही, तर त्यानं वारसा बुडवला असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. ज्या हातांवर काम जातीनं लादलं, त्यांनाच ते आता संस्कृतीच्या नावानं पुढे चालू ठेवायला सांगणं म्हणजे तीच जुनी म्हण नव्या शब्दांत म्हणणं आहे.

मला दुसरी वाट दिसते, आणि ती अवघड आहे. कला टिकायची तर ती जातीपासून सुटली पाहिजे. कोल्हापुरात सवर्ण घरातली किती मुलं चपला शिवायला शिकली? चित्रकला शिकतात, मातीकाम शिकतात, सुतारकाम आता हौसेनं शिकतात. कातड्याला हात लावायला मात्र आजही घरातून परवानगी नसते. वारसा ‘आपला’ असेल तर त्याचा वासही आपला असला पाहिजे, चुना-हिरड्याचं पाणीही आपलं असलं पाहिजे. आणि ज्या घरांनी ही कला शतकानुशतकं फुकटात सांभाळली, त्यांना ती शिकवण्याचे, गुरू म्हणून बसण्याचे पैसे आणि मान पहिल्यांदा मिळाला पाहिजे. मावशींना वेणी शिकवण्यासाठी एखाद्या डिझाइन संस्थेनं प्राध्यापकाच्या मानधनावर बोलवावं, यात काय अशक्य आहे?

महाराष्ट्रातच अडकून चालणार नाही, हेही त्या महिन्यांत फार कमी लोक बोलले. अथणीची चप्पल कोल्हापुरीच. निपाणी, अथणी, बागलकोट इथले कारागीर कन्नड बोलतात, काही मराठी बोलतात, बरेच दोन्ही बोलतात. वाद तापला तेव्हा कर्नाटकचे मंत्री प्रियांक खरगे यांनी आठवण करून दिली, की हे मानांकन दोन्ही राज्यांचं आहे आणि त्यांच्या कारागिरांना विसरू नका. आपल्याकडे काहींना ते खटकलं. मला ते बरोबर वाटलं. बेळगावच्या सीमेवरून आपण साठ-सत्तर वर्षं भांडतो आहोत, आणि ही चप्पल ती सीमा रोज ओलांडते. ती कातड्याच्या आणि हातांच्या वाटेनं गेली आहे, आणि ती वाट भाषावार प्रांतरचनेच्या कितीतरी आधीची.

११ डिसेंबर २०२५ला मुंबईत करार झाला. प्राडा आणि ही दोन महामंडळं. दोन हजार जोड, भारतात कारागिरांकडून घडवलेले, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, फेब्रुवारी २०२६पासून जगभरातल्या ४० दुकानांत विक्री, आणि सोबत तीन वर्षांचं सहकार्य, कारागिरांना प्रशिक्षण, काहींना इटलीला जाण्याची संधी, असं जाहीर झालं. ज्यांनी सहा महिने आरडाओरडा केला त्यांच्यामुळेच हे झालं. तो राग वाया गेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. नाव आलं, काम आलं.

पण हिशेब मांडून बघा. दोन हजार जोड गुणिले आठशे युरो म्हणजे सोळा लाख युरो. रुपयांत ते सोळा-सतरा कोटींच्या आसपास जातात. कोल्हापुरात साधारण हजार-दीड हजारात चांगला हातशिवणीचा जोड मिळतो. तेवढ्यात कातडं, मजुरी, दुकानदाराचा नफा हे सगळं बसतं. मग या करारातला पहिला, सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापायचा आकडा एकच असायला हवा: तळ ठोकणाऱ्याला जोडामागे किती, वेणी घालणारीला किती. कराराच्या बातमीत शब्द होते परंपरा, सन्मान, संवाद, जागतिक व्यासपीठ. हे शब्द मीही वापरते, मला ते आवडतात. पण जिथे देणाऱ्याच्या मर्जीवर शतकं गेली, तिथे आकडा लिहून देणं हाच सन्मान असतो. आणि ती अट एकट्या प्राडाला का? चप्पल लाईनीतल्या दुकानदारानं, महामंडळाच्या विक्री केंद्रानं, आपल्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना कोल्हापुरी वाटणाऱ्या यजमानानं, सगळ्यांनीच तो आकडा विचारावा.

एक चांगली गोष्ट याच काळात झाली. महाराष्ट्राच्या महामंडळानं चपलांवर क्यूआर कोड आणला. तो मोबाइलनं टिपला, की चप्पल कुणी घडवली, कुठे घडवली, कशाची घडवली हे समजतं. मला हा लहानसा चौकोन मोठमोठ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. साडीवर विणकराचं नाव सहसा येत नाही, मूर्तीवर मूर्तिकाराचं सहसा येत नाही, आणि वहाणेवर तर नाव येण्याची कल्पनाही कुणी केली नव्हती. त्या चौकोनात पुरुषाच्या नावाशेजारी वेणी घालणारीचं नावही असावं, एवढंच मला सुचवायचं आहे.

सुभाषनगरातून निघताना मी जोड सांगितला. मामांनी दारातलं जुनं वर्तमानपत्र ओढून जमिनीवर अंथरलं आणि मला पाय ठेवायला सांगितलं. मी जरा घुटमळले. माझ्या पायाशी एक वयस्क माणूस वाकून बसणार, ते मला नको होतं. “ठेवा की वं,” ते म्हणाले, “माप तर घ्याय पायजेच.” पेन्सिल टाचेपाशी सुरू झाली, कडेकडेनं फिरत अंगठ्याला वळसा घालून आली. उजव्या पायाचं बोट जरा बाहेर जातं, ते त्यांनी वेगळी खूण करून ठेवलं. मग कागद मावशींकडे दिला. त्यांनी माझं नाव विचारलं आणि कोपऱ्यात लिहिलं. मी पेन्सिल मागून घेतली, दोघांची नावं विचारली, आणि त्याच्याखाली लिहिली. मग दर विचारला, आणि पहिल्यांदाच घासाघीस केली नाही.